गाव आत, वस्ती हायवेवर: फाट्याचा कारभार नेमका कोणाकडं?

किकवी (ता. भोर) : पुण्याहून साताऱ्याकडं निघालं आणि कात्रज मागं पडलं की शिंदेवाडी, वेळू, वर्वे, चेलाडी, कापूरहोळ, किकवी, सारोळे अशी नावं एकामागून एक लागतात. यातली काही नावं गावाची आहेत, काही नुसती फाट्याची. मूळ गाव आत, ओढ्याच्या किंवा डोंगराच्या कडेला; आणि हायवेला लागून हॉटेल, पंक्चरवाला, पेट्रोल पंप, दवाखाना, हार्डवेअर, भाड्याच्या खोल्या अशी दुसरीच वस्ती. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जिथं एक टपरी आणि एसटीचा थांबा होता, तिथं आज शे-दोनशे कुटुंबं राहतात.

पण सरकारी कागदात 'फाटा' नावाचा रकानाच नाही. त्यामुळं सर्व्हिस रोडवर पाणी तुंबलं, रात्री दिवा बंद पडला, नळ आला नाही, दुभाजकातली वाट बंद झाली, की लोकांची फिरवाफिरवी सुरू होते. ग्रामपंचायत म्हणते रस्ता हायवेवाल्यांचा. हायवेवाले म्हणतात वस्ती ग्रामपंचायतीची. तहसीलला गेलं तर विचारतात, गट नंबर काय? हा घोळ का होतो आणि कुठलं काम कोणत्या दारात न्यायचं, ते समजून घेऊ.

एक जागा, चार हद्दी

फाट्यावरचं एखादं घर किंवा दुकान एकाच वेळी चार वेगळ्या हद्दींत असतं.

पहिली हद्द महसुलाची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे प्रत्येक जमीन कुठल्या ना कुठल्या महसुली गावात मोडते. सातबारा, फेरफार, मोजणी हे सगळं त्या गावाच्या नावानं चालतं. फाट्याचं नाव बोर्डावर काहीही असो, जमीन ज्या गावची असेल त्याच गावच्या तलाठ्याकडं जावं लागतं. तलाठ्याचं पदनाम आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.

दुसरी हद्द ग्रामपंचायतीची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 प्रमाणे एका महसुली गावाची एक ग्रामपंचायत असू शकते, किंवा दोन-चार गावं आणि वाड्या मिळून एकच गट ग्रामपंचायत असू शकते. भोर आणि वेल्हे (राजगड) तालुक्यांत डोंगराळ भाग आणि लहान वाड्या जास्त, त्यामुळं गट ग्रामपंचायतीही बऱ्याच. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटार, कचरा हे ग्रामपंचायतीचं काम.

तिसरी हद्द हायवेची. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 4 आता 48 या नंबरानं ओळखला जातो. देहूरोड ते सातारा हा सुमारे 140 किलोमीटरचा टप्पा सहा पदरी करण्याचं काम 2010 मध्ये हाती घेतलं गेलं. रस्ता, दुभाजक, सर्व्हिस रोड, कडेचं गटार आणि संपादित केलेली पट्टी ही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ताब्यात असते. ती गावाच्या शिवेत दिसत असली तरी तिथं ग्रामपंचायतीला परस्पर खांबही रोवता येत नाही.

चौथी हद्द पोलिसांची. किकवी परिसर राजगड पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. थोडं पुढं सारोळ्याजवळ नीरा नदी ओलांडली की जिल्हाच बदलतो. अलीकडं पुणे जिल्हा आणि भोर तालुका, पलीकडं सातारा जिल्हा आणि खंडाळा तालुक्यातलं शिरवळ.

म्हणजे समजा दुकानाची जागा एका गावच्या सातबाऱ्यात, घरपट्टी गट ग्रामपंचायतीला, दुकानासमोरचा रस्ता प्राधिकरणाचा आणि भांडण झालं तर तक्रार नसरापूरच्या बाजूला. फाट्यावरचा माणूस 'आम्हाला कोणी वाली नाही' म्हणतो. खरं तर वाली चार आहेत, पण एकाच्याही कागदावर पूर्ण फाटा नाही. ही खरी अडचण आहे.

हा प्रकार फक्त आपल्याकडं आहे असं नाही. अमेरिकेत हायवेलगतच्या अशा हजारो वस्त्या आहेत ज्यांना नाव आहे, नकाशात जागा आहे, पण स्वतःची नगरपालिका नाही. त्यांचा कारभार वरची कौंटी पाहते. आपल्याकडं फरक एवढाच, की फाटा कुठल्या तरी ग्रामपंचायतीत असतोच. म्हणजे दाद मागायला जवळचं एक दार आहे. ते वाजवायचं कसं, हे माहीत पाहिजे.

उत्पन्न फाट्याचं, मतं गावठाणाची

हायवेलगतच्या ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना 8 काढून बघितला तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. गावठाणातल्या जुन्या माळवदाच्या किंवा पत्र्याच्या घराची पट्टी कमी. फाट्यावरच्या लॉजची, पंपाची, गोदामाची, मंगल कार्यालयाची पट्टी जास्त. कर इमारतीच्या मूल्यावर आणि वापरावर ठरतो, त्यामुळं हे साहजिकच आहे.

पण ग्रामपंचायतीत आवाज चालतो तो मताचा. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते. दीड हजारापर्यंत 7 सदस्य, तीन हजारापर्यंत 9, साडेचार हजारापर्यंत 11, आणि पुढं वाढत जास्तीत जास्त 17. ही लोकसंख्या कुठली धरतात? शेवटच्या जनगणनेची, म्हणजे 2011 ची. फाट्यावरची बरीचशी वाढ त्यानंतरची. शिवाय तिथं राहणाऱ्यांत भाडेकरू जास्त. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी खंडाळा-फलटणकडचा, कोणी परराज्यातला. त्यांचं मतदान अजून मूळ गावी.

परिणाम असा होतो, की फाट्यावर दोनशे कुटुंबं असली तरी मतदार यादीत त्यातली थोडीच दिसतात. मग प्रभाग गावठाणाकडं झुकतो, सदस्य तिकडचा होतो आणि निधीची वाटणीही तशीच होते. यात कोणाचा डाव असतोच असं नाही. यादीत जो दिसतो त्याचं काम आधी होतं, एवढं साधं गणित आहे.

दारूबंदीच्या वेळी या 'कागदावरच्या दर्जा'चा फरक सगळ्या हायवेनं पाहिला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 1 एप्रिल 2017 पासून महामार्गापासून 500 मीटरच्या आतली दारूविक्री बंद झाली. 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ही मर्यादा 220 मीटर होती. काही महिन्यांतच न्यायालयानं स्पष्ट केलं, की नगरपालिका-महापालिकांच्या हद्दीत ही बंदी लागू नाही. ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या हॉटेलांना मात्र 2018 पर्यंत वाट बघावी लागली. दारूबद्दल कोणाचं काहीही मत असो. एकाच हायवेवर, तशाच गर्दीच्या दोन ठिकाणी, फक्त कारभार कोणाचा यावरून नियम वेगळा लागला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

घर उभं आहे, पण कागद कुठला?

फाट्यावरच्या लोकांची सगळ्यात मोठी जोखीम इथं आहे.

पुष्कळांचा समज असा, की ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टीची पावती आहे म्हणजे घर आपल्या नावावर झालं. तसं नाही. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. मालकी ठरते ती सातबारा, नोंदणीकृत खरेदीखत किंवा मिळकत पत्रिकेवरून.

गावठाणातल्या घरांसाठी केंद्राची स्वामित्व योजना आली. ती 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायची, असं तिचं काम. या कामाची सुरुवातीची चाचणी आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली होती. पण योजना गावठाणासाठी आहे. फाट्यावरची घरं बहुधा गावठाणाबाहेर, शेतीच्या गटात. त्यामुळं आतल्या आजीच्या जुन्या घराला पत्रिका मिळते आणि हायवेवरच्या नातवाच्या नव्या घराला मिळत नाही.

दुसरी गोष्ट, गुंठ्यांचे व्यवहार. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. त्यामुळं एक-दोन गुंठे घेणाऱ्यांचे व्यवहार वर्षानुवर्षं नोटरी, साठेखत किंवा सामाईक सातबाऱ्यावर होत राहिले. 2025 मध्ये शासनानं ठरावीक क्षेत्रांसाठी या कायद्यात सवलत दिली. आपली जागा त्या क्षेत्रात बसते का, हे तहसील कार्यालयातून लेखी विचारून घ्यावं. एजंटाच्या तोंडी शब्दावर राहू नये. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला बिगरशेतीसाठी महसूल संहितेत सोपी तरतूद आहे, तीही तपासावी.

तिसरी गोष्ट, रस्त्यापासूनचं अंतर. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार मोकळ्या ग्रामीण भागात महामार्गाच्या मध्यापासून साधारण 40 मीटरपर्यंत बांधकाम करायचं नाही आणि 75 मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण ठेवायचं. प्रत्यक्ष परवानगीला कुठलं अंतर लागतं हे नियोजन प्राधिकरण सांगतं. भोरचा काही भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात असल्यानं तिथं परवानगी ग्रामपंचायत देत नाही, ते प्राधिकरण देतं. संपादित पट्टीत शेड टाकली असेल तर राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा, 2002 खाली नोटीस देऊन ती काढता येते. घरपट्टीची पावती तिथं वाचवत नाही.

हे आज का महत्त्वाचं? कारण महामार्ग पुन्हा रुंद व्हायचा असेल, उड्डाणपूल किंवा सर्व्हिस रोड व्हायचा असेल, तर राष्ट्रीय महामार्ग कायदा, 1956 खाली आधी कलम 3-अ ची अधिसूचना निघते. त्यानंतर हरकतीला फक्त 21 दिवस असतात. मोबदला कागद बघून ठरतो. जमीन आजोबांच्या नावावर, वारस नोंद नाही, वर घर मुलाचं आणि दुकान भाडेकरूचं, अशी स्थिती असेल तर पैसे वाद मिटेपर्यंत अडकतात. वारस नोंद आणि मोजणी ही कामं अधिसूचनेची वाट न बघता आधीच करून ठेवायची.

रस्ता त्यांचा, जीव आपला

हायवेवरच्या वस्तीचं रोजचं दुखणं म्हणजे रस्ता ओलांडणं. शेत या बाजूला, शाळा त्या बाजूला. दूध डेअरी इकडं, एसटी तिकडं. भुयारी मार्ग लांब असला की लोक दुभाजकातून वाट पाडतात. प्राधिकरण ती बंद करतं, लोक पुन्हा उघडतात. दोघांनाही वाटतं दुसऱ्याला समजत नाही.

इथं एक नियम माहीत असायला हवा. राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा तीन वर्षांत 10 जणांचा मृत्यू झाला, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे अपघातप्रवण ठिकाण धरली जाते. मग तिथं दुरुस्तीची मागणी नुसती विनंती राहत नाही, तिला आकड्यांचा आधार मिळतो.

पण मोजले जातात ते नोंदवलेले अपघात. फाट्यावर काय होतं? दुचाकीला धडक बसली, पाय मोडला, गाडीवाल्यानं जागेवर पैसे दिले, विषय मिटला. माणुसकीच्या दृष्टीनं ते बरं वाटतं. पण सरकारी हिशेबात तिथं काही घडलंच नाही. असे अपघात मिटवले की रस्ता कागदावर सुरक्षित ठरतो. म्हणून गंभीर दुखापतीचा अपघात पोलिसात नोंदवायलाच हवा, आणि जबाबात 'फाट्याजवळ' एवढं न लिहिता जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा घालायला हवा.

हद्दीचं कारण सांगून कोणी परत पाठवू नये, यासाठीही कायद्यात सोय आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना कुठंही घडलेली असो. तिला झिरो एफआयआर म्हणतात. नंतर ती योग्य ठाण्याकडं वर्ग होते. सारोळ्याच्या पुलासारख्या जिल्ह्याच्या सीमेवर याचा उपयोग जास्त.

जखमीला मदत करायला लोक अजूनही बिचकतात. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134-अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. शिवाय मे 2025 पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. हॉटेलच्या गल्ल्यामागं तीन नंबर लिहून ठेवावेत: रुग्णवाहिका 108, पोलीस 112, हायवेची मदत 1033.

वेगळी ग्रामपंचायत मागता येते का?

येते. वाडी किंवा वस्तीला स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा देण्याची तरतूद आहे आणि ग्रामपंचायत वेगळी करण्याचीही. त्यासाठी लोकसंख्या, मूळ गावापासूनचं अंतर, उत्पन्न बघितलं जातं. ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं मत घेतात, आणि शेवटी शासनाची अधिसूचना निघते. रस्ता लांबचा आहे.

त्यातही एक अडथळा आहे. 2027 च्या जनगणनेसाठी गाव, तालुका, जिल्ह्यांच्या हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवायचं ठरलं. मोजणी पूर्ण होईपर्यंत नवीन महसुली गाव होण्याची शक्यता नाही. शिवाय ज्या फाट्यावरून पट्टी जास्त येते तो सोडायला मूळ गाव सहजासहजी तयार होत नाही. आणि वेगळं झाल्यावर फाट्यालाही स्मशानभूमी, पाण्याचा उद्भव, शाळा, गायरान यांसाठी जुन्या गावाकडंच बघावं लागतं. हायवेच्या कडेला या गोष्टींना जागा उरलेली नसते. म्हणून वेगळं होण्याआधी आहे त्या ग्रामपंचायतीत आपली जागा मिळवणं जास्त फायद्याचं.

मग करायचं काय?

पहिलं काम, यादीत या. जनगणनेत माणूस नेहमी जिथं राहतो तिथं मोजला जातो. त्यासाठी घर स्वतःचं लागत नाही, मतदान तिथं लागत नाही. 'आम्ही भाड्यानं राहतो, आमचं नाव गावाला' असं सांगून मोजणीदाराला परत पाठवलं, तर पुढची कित्येक वर्षं फाटा कागदावर रिकामा राहील. जे कायमचे इथंच राहतात त्यांनी मतदार यादीतलं नावही इकडं आणावं.

दुसरं, ग्रामसभेला या. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. कोरमला 15 टक्के किंवा 100 मतदार, यात जो आकडा कमी तो लागतो. दहा कुटुंबं ठरवून आली तरी फरक पडतो. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. रस्ता ओलांडणं, पाणी, दिवे हे विषय तिथं आधी मांडता येतात.

तिसरं, ठराव नेमका करून घ्या. 'फाट्याचा विकास करावा' असा ठराव कुठंच पोचत नाही. 'अमुक किलोमीटरजवळ पादचारी मार्ग हवा, मागच्या तीन वर्षांत इथं इतके अपघात नोंद आहेत' असा ठराव प्राधिकरणाच्या पुण्यातल्या प्रकल्प कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पाठवता येतो. अपघातांचा आकडा माहितीच्या अधिकारात पोलीस ठाण्याकडून मिळतो; उत्तराची मुदत 30 दिवस.

चौथं, काम योग्य खात्यात टाका. सर्व्हिस रोड, हायवेचं गटार, दुभाजक, हायवेवरचे दिवे प्राधिकरणाकडं. आतला रस्ता, नळ, कचरा, वस्तीतले दिवे ग्रामपंचायतीकडं. ग्रामपंचायतीचं काम 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात नसेल तर निधी येऊनही त्यावर खर्च होत नाही. त्यामुळं आराखडा ठरतो त्या सभेला हजर राहणं हे नंतर दहा निवेदनं देण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. जिथं हायवेचं पाणी वस्तीत शिरतं तिथं दोन्हीकडं अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची.

पाचवं, जागेचे कागद नीट करा. सातबारा, फेरफार, वारस नोंद, मोजणीचा नकाशा, परवानगी हे एका फाइलमध्ये ठेवा. हायवेवर जागेचा भाव वाढतो तशी तिच्यावरची भांडणंही वाढतात.

किकवीपासून सारोळ्यापर्यंत आणि तिकडं वेल्ह्याच्या रस्त्यालाही अजून नव्या टपऱ्या, नव्या खोल्या उभ्या राहताहेत. आज जिथं चार गाळे आहेत तिथं दहा वर्षांनी गाव दिसेल. ते गाव आधी कागदावर आलं, तर नळ, दिवा आणि रस्ता ओलांडायची वाट त्याच्याबरोबर येईल. नाहीतर घरपट्टी मात्र दरवर्षी वेळेवर भरावी लागेल.